कंपनीच्या डब्ब्यातली मरळ

मरळ टेबलावर होती अन् जित्ती होती.

शेपटी अशी आपटे का रक्ताच्या नळ्यायचं स्टँड गेलं खालत, एक नळी घरंगळत गेली डाक्तरच्या बुटापाशी, कंपनीची गोरी मॅडम सीधी खुर्चीवर चढली अन् तिच्या भाषेत काय ओरडली ते देवालेच माईत, नागपूरचे डाक्तर साहेब "धरा, धरा तिला!" करून राह्यले पण स्वतःचे दोन्ही हात मांगं बांधून, सिस्टर मायाकडे अशी पाहे का जशी म्याच तिच्या घराले आग लावली, अन् मायी आरू? मायी आरू टाळ्या पिटून राह्यली. "आई, आपली मरळ! आई, आपली..."

म्या तिच्या तोंडावर हात दाबला. असा दाबला का पोट्टीचे डोळेच बाहेर आले.

कारण ज्या डब्ब्यातून मरळ निंगाली तो डब्बा कंपनीचा होता, पांढरा, थर्माकोलचा, वरतून आरूच्या नंबराचं स्टिकर. अन् त्यात औषधाशिवाय काईच ठेवाचं नाई, ठेवलं तं नाव कटन, हे मले पयल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. नाव कटलं म्हणजे औषध बंद. औषध बंद म्हणजे काय, ते ज्याच्या घरी सिकलचं लेकरू हाये त्यालेच समजन.

थांबा, जरा दम घेऊ द्या. बचत गटाच्या बाया दर बैठकीत "सांग ना वो रोशनी, तिकडे काय झालं" म्हणून जीव खाते, अन् दरवेळी सांगता सांगता कोणी तरी चहा आनते अन् अर्धं राहून जाते. म्हून लिवून काढलं. मायी शाळा नववीपरेंत, तवा चुका होतीन. अन् हे गटाच्या बाहेर नाई गेलं पायजे. पुढं जे मैनी भेटते तिचं नाव म्या बदललं, सिस्टरचं तं लिवलंच नाई.

आमच्या घरून

आम्ही सिंदेवाहीकडचे. गावाले तलाव हाये, मासे धरणाऱ्यायच्या सोसायटीचा, आमचे लोकं तलावातच जन्मतेत असं आरूचे बाबा म्हणते. धान थोडकासा, बाकी मासे. आरू, कागदावर आरोही, चार वर्षाची. तिले सिकल हाये, म्हणजे रक्तातले दाणे विळ्यासारखे वाकडे हायेत, ते नसायमध्ये अडकतेत अन् मंग पोट्टी अशी दुखण्यानं वाकते का आपल्याले वाटते आपलेच हाड कोणी पिळून राह्यलं. शेक द्याचा, पाणी पाजाचं, गाडी पाहाची, दवाखान्यात पळाचं. दर महिन्या-दोन महिन्याले हेच.

मंग गडचिरोलीले ही कंपनी आली. युरोपातली. कोणता देश ते मले सांगितलं होतं पण जिभेवर बसत नाई, बर्फ पडते तिथी एवढं ध्यानात हाये. त्यायनं नवीन पातळ औषध काढलं अन् आता ते खरंच काम करते का नाई ते पाहून राह्यले. पाहाची त्यायची रीत अशी, का अर्ध्या लेकराईले औषध द्याचं अन् अर्ध्याईले नुसतं गोड पाणी. बाटली तेच, रंग तोच, चवबी तेच. कोणाले काय भेटलं ते मायले माईत नाई, सिस्टरले नाई, डाक्तरले नाई, गोऱ्या मॅडमलेबी नाई. ते फक्त तिकडच्या एका कंपूटरले माईत.

म्या डाक्तर साहेबाले म्हटलं, "आमच्या इथी दुधात पाणी घातलं तं लोकं गवळ्याले मारतेत. तुम्ही पाणीच देता अन् आमची सही घेता?"

साहेब हासले. चांगले हायेत. म्हणाले, "ताई, असं केल्याशिवाय औषधाचा गुण खरा का मनाचा, ते कळत नाही."

आपल्याले काय, सही देल्ली. अन् सांगू का, औषध सुरू झालं तवापासून पावसाळा गेला, थंडी गेली, आरू रडली ते फक्त मार खाल्ला तेव्हा. आमच्या बाटलीत पाणी नाई, हे मले कोण्या कंपूटरले विचाराची गरज नोती.

औषध थंडं ठेवा लागे, म्हून थर्माकोलचा डब्बा. त्यातल्या बर्फाच्या पिशव्या किराणावाल्याच्या कुल्फीच्या फ्रीजात गोठवाच्या, अन् महिना झाला का रिकाम्या बाटल्या त्याच डब्ब्यात ठेवून गडचिरोलीले वापस न्याच्या.

आता तुम्हीच सांगा, कोणाचा डब्बा रिकामा वापस देते का कोणी? शेजारणीची वाटी आली तं त्यात चिमूटभर साखर तरी टाकतो आपण. अन् इथी तं लेकराचं औषध ज्या डब्ब्यात आलं तो डब्बा! मायी सासू पयल्याच महिन्यात म्हणाली, "रिकाम्या बाटल्या घेऊन चालली? लाज नाई वाटत?" तिनं बाटल्या फडक्यात बांधल्या अन् वरतून प्लास्टिकच्या पन्नीत झिंगे टाकले. दुसऱ्या महिन्यात रोहू. सिस्टरनं पयले कपाळावर हात मारला, "अवो बाई, नाव कटन ना!" मंग पन्नी उघडून वास घेतला अन् डब्बा मांगच्या खोलीत नेला. धुवून, पुसून, सुकवून मंगच टेबलावर ठेवला. तवापासून तसंच चाले. कंपनीच्या नियमाले त्या मांगच्या खोलीचा पत्ता नोता.

यावेळी निरोप आला का गडचिरोलीले नाई याचं, कँप हाये आलापल्लीच्या पुढं, एका शाळेत. युरोपातून मॅडम येऊन राह्यली, तिले सारे लेकरं एका जागी पाहाचे हायेत. अन् हे आले तलावाच्या मोठ्या जाळ्याचे दिवस, म्हणजे आरूचे बाबा नाई येऊ शकत. मी एकटी. गडचिरोलीच्या पलीकडे मी जन्मात गेली नोती.

बायायनं काय काय भेव नाई घातला! "हिरवा ड्रेस नको घालजो, पोलीस वेगळंच समजतीन." "तिकडे वाघ हाये वो." हे कोण म्हणे? जिची शेळी आठ दिवसापयले आमच्याच गावाच्या बांधावरून वाघानं नेली ते! म्या म्हटलं, "मावशी, तुमचा वाघ काय दुसरीकडून पगारी आनला का?" हासली मी. सासूनं जाता जाता मरळ देल्ली. "पावनी मॅडम येते, चांगली मोठी ने." मरळ पाण्याबाहेरबी लय टिकते, ओल्या बोऱ्यात गुंडाळली का दिवसभर मरत नाई. तेवढंच मी ध्यानात नाई घेतलं.

मूल, गडचिरोली, अन् लाल धूळ

सिंदेवाही ते मूल एस्टीत उभी राहून गेली, कडेवर आरू नाई तं खांद्यावर आरू. व्याहाडच्या पुढं वैनगंगेचा पूल आला तशी आरू म्हणे, "आई, एवढा मोठा तलाव कोणाच्या सोसायटीचा?" पूर्ण गाडी हासली. गडचिरोलीच्या स्टँडवर आलुभात अन् चहा घेतला, अन् मरळीच्या बोऱ्यावर नळाचं पाणी मारलं. एक बाई नाक दाबून सरकली. म्या मनात म्हटलं, सरक, जागा तं झाली.

खरा प्रवास आष्टीच्या पुढं. खदानीचे ट्रक एकामांगं एक, रस्त्याचे असे खड्डे का गाडी जाते का नाव चालते समजत नाई, अन् धूळ कशी? लाल. कुंकवासारखी. खिडकी बंद होत नोती. आलापल्लीले उतरली तं मायी पांढरी ओढणी अन् कंडक्टरच्या मिशा एकाच रंगाच्या. कंडक्टर म्हणे, "बाई, हे लोखंड हाये लोखंड. फुकटात भेटून राह्यलं, डाक्तर गोळ्या देऊनबी नाई चढत एवढं." म्या म्हटलं, "भाऊ, तुम्हाले तं जंग चढलं."

पण जंगल! बापा! आमच्याकडेबी जंगल हाये पण तिथी सागवानाची झाडं अशी सीधी उभी का मान मोडते वरत पाहता पाहता. पळस पेटल्यासारखे फुलले होते अन् मोहाचा वास सगळीकडे, गोड गोड, डोकं हलकं करणारा. आरू झोपली त्या वासानं. मले मात्र घाम फुटला, कारण गाडी उशिरा पोचली अन् शाळेकडे जाणारी कँपची जीप निंगून गेली होती. दिवस कलला. स्टँडवर लोकं गोंडीत बोलून राह्यले, थोडे तेलगूत, मले एक अक्षर समजत नोतं. पर्स छातीशी, डब्बा मांडीवर, पायाशी बोरा अन् बोऱ्यात मरळ फडफड करते. 

तेवढ्यात सामोर एक बाई दिसली. मायाच एवढी असंन. नाकात दोन्हीकडून फुल्या, कडेले पाच-सहा वर्षाचं पोरगं, अन् हातात काय? पांढरा थर्माकोलचा डब्बा. वरतून स्टिकर.

तिनं मायाकडे पाह्यलं, म्या तिच्याकडे. दोघीनं एकमेकीच्या डब्ब्याकडे पाह्यलं.

"सिकल?" ते म्हणाली.

"सिकल," म्या म्हटलं. अन् रडलीच.

"रडू नको. माया संगं चल. शाळा माया गावाच्या पुढं हाये."

ते मैनी. अन् पोरगं तिचं चिन्ना.

मैनीच्या घरी

काळीपिवळी जीपमध्ये वीस जणं होतो असं नाई म्हणत, पण ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूनं माणसं होते अन् तो मधातून हात काढून गेअर टाके. उतरलो तवा दिवस बुडाला नोता.

तिचं अंगण किती साजरं! लाकडाचं कुंपण, शेणानं सारवलेलं, एक पान पडलेलं नाई. आमच्या इथी पाहुणा आला का चहाची घाई, तिथी पयले पाय धुवाले पाणी. "एर," मैनी म्हणे, म्हणजे पाणी. मंग "जोहार" करून म्हाताऱ्या सासऱ्यानं बाज टाकली. मंग पानाच्या दोन्यात पेज. मंग चटणी आली, लालसर, म्या मोठी बोटभर घेतली अन् तोंडात टाकली, लिंबू पिळल्यासारखी आंबट, मस्त!

"कायची वो?"

"मुंग्यायची."

म्या गिळली. दुसरं काय करन? मंग थोडा वेळ बसून राह्यली, पोटात काई चालते का पाह्यलं. नाई चाललं. म्हून आनखी मांगितली. सासरा मोहाची घेऊन आला, त्यानं पयले दोन थेंब भुईवर सांडले, त्यायच्या मेलेल्या मोठ्या माणसायसाठी, मंग मले देल्ली. मी नाई घेतली. लय नाई घेतली.

मरळ पाहून चिन्ना बावळ्यासारखा खुश. "मीन! मीन!" त्यायच्यात मासोळीले मीन म्हणतेत. मैनीनं पितळेच्या गंजात पाणी भरून मरळ सोडली अन् दोघं लेकरं गंजाच्या काठावर हनुवट्या ठेवून बसले. आरू त्याले शिकवे, "शेपटीले हात नको लावजो, ते कपडे भिजवते."

मंग चिन्ना चूप झाला.

तुम्हाले नाई समजणार. सिकलचं लेकरू रडाच्या पयले चूप होते. पाण्यातला हात तसाच राहिला अन् ओठ आत गेले. म्या अन् मैनीनं एकदमच मान वर केली. ते उठाच्या आधी मी चुलीवर पाणी ठेवलं होतं. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली, त्याच्या पायाले, कंबरेले शेक, पाणी पाज, पाणी पाज. त्यानं मायं बोट धरलं. एवढंसं पोरगं अन् पकड अशी का बोट निळं झालं. आरू बाजेखाली जाऊन बसली. तिले ते सारं ध्यानात होतं.

जराशानं त्याचा डोळा लागला तवा म्या मैनीले विचारलं, "औषध देते ना बरोबर?"

"सारं देते. एक दिवस नाई चुकली." तिनं डब्बा उघडून रिकाम्या बाटल्या दाखवल्या, धुवून ओळीनं ठेवलेल्या. "तरीबी दर महिन्याले असाच. पाणी हाये ते. मायाले पाणी आलं. तुयीले?"

आरू बाजेखाली बाहुलीची वेणी घालून राह्यली होती. गाल असे भरलेले.  

शाळेत

सकाळी चिन्ना बरा होता, आम्ही पायीच गेलो. डब्बा आरूचा, आत रिकाम्या बाटल्या, वरतून पन्नीत मरळ, तिच्यावर ओलं फडकं. मले वाटलं पन्नीत कोंडून आता मरन. गंजातल्या गोड पाण्यानं तं ते आनखी तरणी झाली होती.

शाळेच्या वऱ्हांड्यात लेकरं, त्यायच्या आया, वजनकाटा, अन् गोरी मॅडम. उंच, उन्हानं उकडलेल्या खेकड्यासारखी लाल, पण हासे लय गोड. सिस्टरनं मले कोपऱ्यात घेतलं. "आनलं का काई?" "आनलं." "मंग डब्बा मले दे, मांगच्या..." एवढं म्हणाली अन् मॅडमनं हात लांब केला. तिले म्हणे प्रत्येक डब्बा स्वतः उघडून पाहाचा होता, बाटल्या बरोबर हायेत का, आतला थंडावा मोजाचं यंत्र चालते का. कंपनी तिले तेवढ्यासाठीच तं पाठवते!

इथी मांगची खोलीच नोती वो.

मॅडमनं झाकण काढलं. पुढचं तुम्हाले माईत हाये.

कोणालेच मरळ धरता येत नोती. मी धराले गेली असती तं ते कोणाची हाये हे समजलंच असतं, म्हून मी खांबासारखी उभी. मैनी आली. कल्ल्यात अंगठा घातला, पदरात गुंडाळली, संपलं.

"कोणाची मासोळी ही?" डाक्तर साहेबायचा आवाज कधी नाई तो चढला. "हा डब्बा कोणाचा? आरोही? ताई, तुमचा ना? औषधाच्या डब्यात मासे ठेवता तुम्ही?"

म्या आरूले मांगं सारलं.

"मायी हाये," मैनी म्हणाली.

"काय?"

"मीन मायी. हे बाई रातीले माया घरी होती, डब्बा माया घरी होता. मीच टाकली. मॅडम लय दूरून आली, पावनी हाये, खाली हातानं कशी भेटू? हिले माईत नाई."

साहेबायनं मॅडमले त्यायच्या भाषेत सांगितलं. मॅडम खुर्चीवरून उतरली, मैनीजवळ आली, मासोळी पाह्यली, मैनीले पाह्यलं. काई तरी बोलली. साहेब म्हणाले, "मॅडमना तुमची भावना समजते. पण हा अभ्यास आहे. एकाच्या डब्याला दुसऱ्याचा हात लागला, आत काही मिसळलं, तर सगळ्या मुलांचं काम वाया जातं. ही ताकीद आहे, मैनीताई. पुन्हा असं झालं तर चिन्नाचं नाव काढावं लागेल. आणि सगळ्यांनाच सांगतो, औषध दुसऱ्या मुलाला चमचाभरही द्यायचं नाही. ते वजनावर ठरवलेलं असतं."

तवा माया तोंडावर कोणी हात नोता दाबला. तरी आवाज नाई निंगाला. आरू मायाकडे पाहे.

मैनीनं विचारलं, "साहेब, मायाले पाणी देता का औषध?"

"मला माहीत नाही. खरंच नाही."

"मॅडमले?"

"त्यांनाही नाही. आणि हे बघा, दुखतं म्हणजे पाणीच असेल असं नाही. काहींना औषध घेऊनही दुखतं. काहींना न घेताही दुखत नाही. अभ्यास संपला की सगळं उघडेल. औषध चांगलं निघालं तर सगळ्या मुलांना मिळेल."

"कधी संपन?"

साहेब चष्मा पुसाले लागले. "वेळ आहे अजून."

मैनीनं मान हलवली. पदरातून मरळ काढून सैंपाक करणाऱ्या बाईले देल्ली. दुपारी पंगतीत मॅडमच्या पानावर मरळीचा रस्सा होता, तिनं हातानं खाल्ला, नाक लाल झालं, डोळ्यातून पाणी गळे, तरी आनखी एक फोड मांगितली. म्हणजे नियम डब्ब्याले होता, ताटाले नोता. सिस्टर मायाच बाजूले बसली होती, मान खालत घालून काटे काढे. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "यापुढं काईच नको आनजो, माय. मायीबी नोकरी हाये."

मंग नवीन बाटल्या भेटल्या. आरूच्या डब्ब्यात आरूच्या, चिन्नाच्या डब्ब्यात चिन्नाच्या. बाजूबाजूले ठेवल्या तं कोणी सांगू नाई शकत कोणती कोणती. मॅडमनं आरूच्या गालाले हात लावला अन् अंगठा वर केला. चिन्नाच्याबी गालाले लावला. अंगठा त्यालेबी केला.

वापस

मैनी मले रस्त्यापरेंत सोडाले आली. दोघीच्या डोक्यावर दोन पांढरे डब्बे, लेकरं पुढं मोहफुलं वेचत वेचत. म्या म्हटलं, "काऊन केलं वो तू असं? चिन्नाचं नाव कटलं असतं तं?"

"पाण्यातून कटलं असतं," ते म्हणाली. "तुयं औषधातून कटलं असतं."

असं बोलली अन् हासली. मले हासू नाई आलं.

थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "तुमी तलावात एवढे मासे काढता, तं वाटे कसे करता?"

म्या तोंड उघडलं. बोलाले तं मले लागते ना काई तरी. सांगत सुटली, का सोसायटीचं मोठं जाळं ओढलं का काठावर ढीग करतो, घराघराचा एक वाटा, ज्यानं ओढलं त्याचाबी, ज्याले ताप होता म्हून नाई आला त्याचाबी, विधवा बाईचाबी, जिच्या घरचं कोणीच पाण्यात नाई उतरलं तिचाबी. लहान-मोठी मासोळी आली तं कापून बरोबर करतो. कोणी म्हणू नाई शकत का मी ओढलं म्हून मायं जास्त.

"आमच्यातबी मधाचं तसंच," मैनी म्हणाली. "पोळं एकच जण काढते, खाते सारा गाव."

 तिनं मान नाई वळवली पण डोळे माया डोक्यावरच्या डब्ब्याकडे गेले अन् वापस आले. एवढंच. तिनं काईच मांगितलं नाई. हे म्या पुन्हा लिवते, तिनं काईच मांगितलं नाई.

गाडी आली. कंडक्टर बोंबले, "चला चला, बाई, गप्पा फोनवर मारजा!" चढताना मैनीनं माया हातात एक लहानसा स्टीलचा डब्बा कोंबला. मोहफुलं भाजून तिळात कुटलेले लाडू. "आरूले दे. डब्बा पुढच्या कँपले घेऊन ये." चिन्नानं आरूच्या फराकीचा कोपरा धरला होता, मैनीनं एक एक बोट सोडवून तो सोडवला. गाडी हालली. लाल धूळ उडाली अन् ते दोघं धुळीत गेले.

रस्ताभर लाडू खाल्ले आरूनं, मलेबी एक देल्ला. असा लाडू म्या कधी नाई खाल्ला.

घरी सारं सांगितलं. आरूचे बाबा म्हणे, "आपल्या पोट्टीचं पाहा, बाकी काई डोक्यात नको आनजो." गावच्या दवाखान्याच्या आशाताईले नुसतं आडून विचारलं, "एखादी बाटली कमी पडली तं काय होते वो?" तं तिनं माया तोंडाकडे असं पाह्यलं का म्या पटकन विषय पलटवला. सासूनं लाडवाचा डब्बा घासून, पुसून फळीवर ठेवला अन् म्हणाली, "रिकामा नाई न्याचा हं हा. त्या बाईनं तुयी लाज ठेवली."

आता कँप जवळ आला. यावेळी कंपनीच्या डब्ब्यात रिकाम्या बाटल्याशिवाय काई नाई जाणार, झिंग्याची मिशीबी नाई. पण तो स्टीलचा डब्बा फळीवर हाये. सैंपाक करताना रोज दिसते. त्यात सुकट भरली तं मावन. मरळीच्या फोडी भरल्या तं मावन. अन् आरूची एक भरलेली बाटली, आडवी ठेवली, तं तेबी मावते. म्या ठेवून पाह्यली. झाकणबी लागते.

अन् कोण सांगते वो, डाक्तर म्हणते तसं आमच्या बाटलीतबी पाणीच असंन तं? मंग मी तिले पाणी नेऊन देईन, अन् आस नेऊन देईन. अन् औषध असंन तं? मंग आरूचं कमी पडन, अन् एखाद्या दिवशी ते पाण्यात हात घालून चूप बसन. अन् काईच नाई नेलं, नुसती सुकट नेली, तं मैनी डब्बा उघडन, हासन, "मीन!" म्हणन, अन् चिन्नाले देईन. काई नाई बोलणार. तेच मले पाह्यल्या जाणार नाई.

गटाच्या बायाहो, तुम्ही सगळ्या लेकुरवाळ्या. हासणं झालं असंन तं आता खरं सांगा. डब्बा तुमच्या फळीवर असता, तं तुम्ही त्यात काय भरलं असतं?